लॅपटॉपचा डिस्प्ले पुन्हा पुन्हा बिघडतोय? पॅनेल बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर लॅपटॉप घेऊन आली. "अहो, दोनदा स्क्रीन बदलून झाली. महिना-दीड महिना बरी चालते, मग तेच," वडील म्हणाले. मी लॅपटॉप सुरू केला. चित्र लख्ख. झाकण थोडं मागे नेलं तशा उजव्या अंगाला हिरव्या-गुलाबी रेघा थरथरायला लागल्या. आणखी मागे नेलं, तर सगळा पडदा पांढराफटक. पुढे आणलं की पुन्हा सगळं जागेवर.

काकांनी दोन पॅनेलचे, म्हणजे पडद्यांचे, पैसे मोजले होते. दोष होता बिजागरीतून वर जाणाऱ्या केबलमध्ये.

नवीन पॅनेल घातल्यावर काही आठवडे सगळं ठीक का चालत होतं? पॅनेल बदलताना केबल निघते, हलते, पुन्हा बसते. तिचा दुमड थोडा इकडेतिकडे सरकतो आणि अर्धवट तुटलेली तार तात्पुरती जुळते. कारागिरालाही वाटतं काम झालं, गिऱ्हाइकालाही वाटतं झालं. झाकणाची उघडझाप सुरू राहते आणि तार पुन्हा सुटते. परत परत येणाऱ्या डिस्प्लेच्या तक्रारींमध्ये हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

आधी स्क्रू न उघडता

"डिस्प्ले गेला" असं आपण म्हणतो तेव्हा दोष पॅनेलचा असेल, केबलचा असेल, बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा असेल, मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किटवरच्या) चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्सचा असेल, किंवा नुसता ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असेल. पाचही दोष वरवर सारखे दिसतात. ते वेगळे करायला पाच-दहा मिनिटं आणि घरातला टीव्ही पुरतो.

सर्वांत सोपी चाचणी स्क्रीनशॉटची. रेघ किंवा डाग दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या, तो फोनवर पाठवा आणि फोनवर बघा. डाग फोनवरही दिसला तर तो चित्रातच आहे, म्हणजे दोष सॉफ्टवेअरकडे किंवा ग्राफिक्सकडे. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर दोष त्याच्या पुढच्या वाटेवर कुठेतरी आहे. सहसा केबल किंवा पॅनेल, क्वचित ग्राफिक्स चिपचा पडद्याकडे जाणारा भाग.

मग एचडीएमआय केबलने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा, विंडोज आणि पी ही बटणं दाबून डुप्लिकेट निवडा. टीव्हीवर चित्र शुद्ध आणि लॅपटॉपवर रेघा, तर पॅनेल किंवा केबल. दोन्हीकडे सारखाच गोंधळ, तर ग्राफिक्स, रॅम किंवा ड्रायव्हर. रॅमचं, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीचं, नाव वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं तिथे चित्र रॅममध्येच तयार होतं. रॅम काढून, तिचे सोनेरी दात स्वच्छ करून पुन्हा बसवल्यावर पडद्यावरचे चौकोनी ठिपके गेल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत.

या चाचणीत एक मेख आहे. गेमिंगच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं सॉकेट थेट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो. अशा वेळी टीव्हीवर चित्र चांगलं आलं म्हणून प्रोसेसरकडची बाजू निर्दोष ठरत नाही. तेवढ्यावर निकाल देऊ नका.

तिसरी चाचणी बायोसची. लॅपटॉप सुरू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथे विंडोज नाही, विंडोजचा ड्रायव्हरही नाही. तिथेही रेघा दिसल्या तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. डेलच्या लॅपटॉपमध्ये डी बटण दाबून धरून पॉवर बटण दाबलं की पडदा स्वतःच एकेक रंग दाखवत जातो. एचपीमध्ये सुरू होताना एफ2 दाबलं की तपासणीचा कार्यक्रम उघडतो.

आणि चौथी, झाकण सावकाश पुढे-मागे करून बघायची. पडदा पांढरा किंवा एकरंगी ठेवा आणि झाकण अगदी कमी उघडल्यापासून मागे टेकेपर्यंत हळूहळू न्या. ठरावीक कोनात बिघाड येत-जात असेल तर तुमचा संशय केबलवर जायला हवा, पॅनेलवर नव्हे.

ठिपका: अडकलेला की मेलेला?

फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल, म्हणजे एकूण 62,20,800. प्रत्येकाच्या मागे स्वतःचा एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर. इतक्यांपैकी एखादा रुसला तर पडद्यावर ठिपका दिसतो.

पांढऱ्या पडद्यावर काळा आणि प्रत्येक रंगावर काळाच राहणारा ठिपका मेलेला. काळ्या पडद्यावर लाल, हिरवा किंवा निळा चमकणारा ठिपका अडकलेला. हे बघायला लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा अशी पाच पूर्ण चित्रं एकापाठोपाठ पूर्ण पडद्यावर लावा. त्याआधी ओलसर मऊ कापडाने पडदा पुसा. मसाल्याचा किंवा पेन्सिलीचा कण चिकटलेला असतो आणि लोक त्याला पिक्सेल समजून घाबरतात.

अडकलेला पिक्सेल कधी कधी सुटतो. त्या जागी रंग वेगाने बदलणारा छोटा चौकोन दहा मिनिटं ते तासभर चालू ठेवायचा. जेस्क्रीनफिक्स नावाचं साधन ब्राउझरमध्येच हे करतं. घरात कुणाला फिट येत असेल तर तो लखलखाट त्यांच्या नजरेआड ठेवा. ठिपक्यावर बोटाने किंवा पेनाने दाबून चोळण्याचा उपाय मी कुणालाही सांगत नाही. एक ठिपका घालवायला जावं आणि शेजारी दाबाचा पांढरट डाग कायमचा यावा, असं होतं. मेलेला पिक्सेल मात्र कशानेच परत येत नाही.

वॉरंटीत एका ठिपक्यासाठी पॅनेल बदलून मिळेलच असं नाही. 2001 च्या आयएसओ 13406-2 या मानकाने पॅनेलचे वर्ग ठरवले. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर 10 लाख पिक्सेलमागे 2 कायम उजळ, 2 कायम काळे आणि 5 बिघडलेले उपपिक्सेल चालवून घेतले जात. 2008 मध्ये त्याची जागा आयएसओ 9241 च्या 300 क्रमांकाच्या मालिकेने घेतली. कंपन्या आपापले आकडे ठरवतात, म्हणून तुमच्या कंपनीची अट आधी वाचा. ठिपका पहिल्या काही दिवसांतच दिसला तर वॉरंटीची वाट न बघता विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत लॅपटॉप परत करणं जास्त सोपं.

लुकलुक, जी नेहमी बिघाडाची नसते

पडदा लुकलुकतो तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि टास्क मॅनेजर स्थिर आहे, तर एखादं ॲप गुन्हेगार आहे. टास्क मॅनेजरही लुकलुकतोय, तर डिस्प्ले ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली ही खूण आहे आणि ती कामाची आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. क्षणभर काळोख, एक बीप, आणि लुकलुक गेली तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का.

विंडोज अपडेटनंतर दर वेळी त्रास परत येत असेल, तर अपडेटने कंपनीच्या ड्रायव्हरवर दुसरा ड्रायव्हर चढवलेला असण्याची शक्यता असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या ड्रायव्हर पानावर रोल बॅक, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं, मिळतं. ते करा, किंवा लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका.

पण ज्याचा शोध लागायला सर्वांत जास्त वेळ जातो, ती बॅटरीवर असतानाच येणारी लुकलुक. चार्जर लावला की गायब. लोक बॅटरी बदलतात, आणि बॅटरीचा तिथे काही दोष नसतो. वीज वाचवण्यासाठी पडद्याच्या बऱ्याच युक्त्या बॅटरीवरच जाग्या होतात. पॅनेल सेल्फ रिफ्रेश म्हणजे स्थिर चित्र पॅनेलने स्वतःच्या स्मृतीतून दाखवत राहायचं आणि ग्राफिक्स चिपने तेवढा वेळ विश्रांती घ्यायची. दोघांचा ताळमेळ चुकला की पडदा झटका खातो, किंवा कर्सर हलवल्याशिवाय चित्र बदलत नाही. इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टिम आणि पॉवर या भागात ते बंद करता येतं. लिनक्सवर इंटेलच्या आय915 ड्रायव्हरला कर्नलचा पर्याय देऊन तेच करता येतं.

चित्र काळपट झालं की पडदा आपोआप मंद होतो आणि पांढरं पान उघडलं की उजळतो, हाही बिघाड नाही. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे ब्राइटनेस उघडून मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय बंद करा. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये याच कामाचं नाव व्हॅरी-ब्राइट.

डोळ्यांना लुकलुक जाणवते पण इतरांना दिसत नाही, असं काहींचं म्हणणं असतं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. काही पॅनेलमध्ये उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. ब्राइटनेस खाली आणून फोनच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे बघा; सरकते काळे पट्टे दिसले तर तेच कारण. ब्राइटनेस जरा चढा ठेवणं हाच त्यावर घरगुती उपाय.

आणखी एक. पडदा मध्येच पूर्ण बंद होतो, हात काढला की सुरू होतो? झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. घड्याळाच्या पट्ट्याचं चुंबक किंवा फोनच्या कव्हरचं चुंबक कीबोर्डखालच्या पट्टीवर नेमक्या जागी आलं की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं. एका शिक्षिकेच्या लॅपटॉपचा चार महिने चाललेला हा त्रास घड्याळ उजव्या हातात बांधल्यावर थांबला.

केबल आणि बिजागरी

आता मूळ मुद्दा. मदरबोर्डकडून पॅनेलकडे चित्र नेणारी केबल बिजागरीतून वर जाते. झाकणाच्या प्रत्येक उघडझापीला ती पिळली जाते. आत केसासारख्या बारीक तारा असतात. एक तुटली की एक रंग जातो, किंवा रेघा येतात, किंवा पडदा पांढरा होतो. बॅकलाइटची वीजही याच केबलमधून जाते, म्हणून उजेडही उडू शकतो.

केबल ओळखायची माझी आवडती खूण वेबकॅमेऱ्याची आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याच्या तारा डिस्प्लेच्याच जुडग्यात असतात. पडदा बिघडतो त्याच कोनात कॅमेराही गायब होत असेल, तर मी पॅनेलला हात लावायच्या आधी केबल मागवतो.

हा दोष फक्त स्वस्त लॅपटॉपचा, असंही नाही. ॲपलच्या 2016 च्या 13 इंची मॅकबुक प्रोमध्ये पडद्याकडे जाणारी पातळ पट्टीसारखी केबल उघडझापीत झिजायची आणि पडद्याच्या खालच्या कडेला रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसायचे. मे 2019 मध्ये ॲपलने त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. 2018 च्या मॉडेलमध्ये ती केबल सुमारे 2 मिलिमीटर लांब केलेली आढळली. एवढ्याशा लांबीवर पडद्याचं आयुष्य ठरतं, हे लक्षात घेतलं की केबल कशी वळवून बसवायची याचं महत्त्व कळतं.

पण नुसती केबल बदलून थांबलात, तर तो लॅपटॉप परत येईल. केबल कशामुळे तुटली, हे विचारा. बिजागरी घट्ट झालेली असते. ती ज्या पितळी नटांवर बसते ते प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतात. घट्ट बिजागरी ओढून ओढून ते नट प्लॅस्टिकसकट उपटतात, झाकण उघडताना कडेला फट पडते, बिजागरी तिरकी होते आणि केबलला कात्रीसारखी चावते. विद्यार्थिनीच्या लॅपटॉपमध्ये हेच झालं होतं. आधीच्या दोन्ही वेळी कुणी बिजागरीकडे पाहिलं नव्हतं. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय या सगळ्याला हातभार लावते. मधोमध धरून उघडा.

आमच्या कोकणात खाऱ्या दमट हवेची भर पडते. केबलच्या टोकाच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि बिघाड कोनाप्रमाणे न बदलता हवामानाप्रमाणे बदलतो. सकाळी सुरू करताना रेघा, अर्ध्या तासाने लॅपटॉप गरम झाला की गायब. असा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश यांनी दोन्ही टोकं साफ करून केबल पुन्हा बसवा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

स्वतः उघडणार असाल तर चार्जर काढा, मागचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. हे टाळून केबल काढली-घातली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो आणि लहान कामाचं मोठं होतं. पॅनेलच्या मागचा कनेक्टर पारदर्शक टेपखाली असतो. टेप सोलायची, धातूची कडी उचलायची आणि केबल पॅनेलला समांतर ओढायची. वर उपटायची नाही. नव्या लॅपटॉपमध्ये पॅनेलला स्क्रू नसतात, दोन्ही कडांना ताणून काढायच्या चिकटपट्ट्या असतात. त्या सावकाश, सरळ रेषेत ओढा. घाईत तुटल्या की पॅनेल उचकटायला लागतं आणि ते तडकतं.

केबल मागवताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका. केबलवर पांढरा कागद चिकटवलेला असतो, त्यावरचा नंबर बघा. बहुतेक वेळा तो डीसी02 किंवा डीडी0 असा सुरू होतो. एकाच मॉडेलमध्ये टचवाला आणि बिनटचचा, 30 पिनांचा आणि 40 पिनांचा, अशा वेगवेगळ्या केबल असतात. केबलची किंमत पॅनेलच्या मानाने फार कमी असते, म्हणूनच ती आधी बदलून बघण्यात शहाणपण आहे.

पॅनेलच गेलं आहे, हे कशावरून?

काही खुणा निर्विवाद असतात. शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या रेघा, म्हणजे काच आतून तडकली. वरपासून खालपर्यंत केसाएवढी एकच उभी रेघ, कोन बदलला तरी जागची न हलणारी, म्हणजे पॅनेलच्या कडेला पट्ट्यांवर बसवलेल्या चिपचा जोड सुटला. कडेवर हलकं दाबल्यावर ती रेघ क्षणभर जाते, आणि लोकांना वाटतं आत कागदाची घडी घालून काम होईल. होत नाही. तो जोड कारखान्यातल्या यंत्रावर उष्णता आणि दाबाने बसवलेला असतो.

बाहेरचा दाब आणि पाणी ही पॅनेल जाण्याची दोन मोठी कारणं. गच्च भरलेल्या सॅकमध्ये डब्याशेजारी लॅपटॉप कोंबला की पांढरट ढग उमटतात. वेबकॅमेऱ्यावर चिकटवायच्या जाड सरकत्या झाकणानेही काच तडकते. ॲपलने 2020 मध्ये याबद्दल सावध केलं आणि झाकण वापरायचंच असेल तर ते साध्या छपाईच्या कागदापेक्षा, म्हणजे 0.1 मिलिमीटरपेक्षा, जाड नको असं सांगितलं. आणि काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतो, तिथेच पॅनेलचं सर्किट असतं, आणि दुसऱ्या दिवशी रेघा येतात. कापड ओलं करा, पडदा नव्हे.

पडदा पूर्ण काळा असेल तर अंधारात टॉर्च तिरका मारून बघा. चित्राची पुसट छाया दिसली तर पॅनेल चित्र काढतंय, फक्त मागचा उजेड गेला आहे. मग केबल, बॅकलाइटचा फ्यूज आणि एलईडीची पट्टी, या क्रमाने तपासायचं.

पॅनेल बदलावंच लागलं तर जुन्याच्या पाठीवरचा पूर्ण नंबर वाचा. बीओई या पॅनेल बनवणाऱ्या कंपनीच्या एनव्ही156एफएचएम या नंबरातला 156 म्हणजे 15.6 इंच, एफएचएम म्हणजे फुल एचडी, आणि पुढचा एन व आकडा आवृत्ती सांगतो. लॅपटॉप न उघडता कंपनी कळायला हवी असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरचा हार्डवेअर आयडी बघा. बीओई, एयूओ, एलजीडी अशी तीन अक्षरं तिथे असतात, सीएमएन असेल तर इनोलक्स. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर हा नंबर, पिनांची संख्या आणि कनेक्टरच्या जागेचा फोटो घेऊन जा. आणि दुकानदारासमोर पाच रंग लावून, झाकण पुढे-मागे करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचं काम दोन दिवस चाललं. उपटलेले पितळी नट नव्याने रोवून भरले, बिजागरीचे स्क्रू थोडे सैल केले, नवी केबल थोडी ढील देऊन वळवली आणि पांढरा पडदा लावून झाकण शंभर वेळा उघडलं-मिटलं. नेताना काकांनी पिशवीतून पहिलं, मूळचं पॅनेल काढलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. मी ते जोडून पाहिलं. एकही रेघ नाही, एकही ठिपका नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये गुंडाळून, वर नंबर लिहून, मी ते त्यांना परत दिलं.